गळ, दुर्बीण आणि एक तळं

माझी नात न्यूयॉर्कला शिकते. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये इंटर्नशिप केली. इंटर्नशिप म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवारी. काम काय, तर सकाळी लोकांना पक्षी दाखवायचे आणि दुपारी मुलांना मासे पकडायला शिकवायचे. फोनवर हे ऐकून मी म्हटलं, "अगं, याला उमेदवारी कशाला लागते? आमच्या गावचे भोई हेच पोटासाठी करत होते, आणि पाखरं तर गुरं राखणारी पोरंसुद्धा ओळखायची." ती हसली. म्हणाली, "पण आजोबा, आम्ही पकडलेला मासा परत सोडून देतो."

इथे माझी गाडी अडली. सोडायचाच तर पकडायचा कशाला? नातीनेही लगेच उत्तर दिलं नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलाही प्रश्न पडला की मागे जाऊन बघायची खोड आहे. तसा मागे गेलो. जे हाती लागलं ते आज लिहितो आहे.

सेंट्रल पार्क नैसर्गिक वाटतं, पण ते माणसांनी घडवलेलं आहे. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीचा आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला आणि ८४३ एकरांत टेकड्या, झाडी, तळी असं सगळं उभं करण्यात आलं. त्याआधी ती जागा मोकळी पडलेली होती असं मात्र नाही. तिथे सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय, त्यातले काही स्वतःच्या जमिनीचे मालक. चर्च होती, शाळा होती. १८५७ पर्यंत ती सगळी उठवली गेली. उद्यान सर्वांसाठी हे म्हणणं सोपं, पण त्या 'सर्वां'मध्ये कोण कोण, हा प्रश्न त्या मातीत पहिल्यापासूनच पुरलेला आहे.

आता पक्ष्यांकडे येऊ. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या तरुणाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून दोन दुपारी फेरफटका मारला आणि पक्षी मोजले. झाडांवरचे नव्हे, बायकांच्या टोप्यांवरचे! ७०० टोप्या पाहिल्या, त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं होती, काहींवर तर अख्खे पेंढा भरलेले पक्षी. त्याने चाळीस जाती ओळखल्या. बगळ्यांची विणीच्या हंगामातली पिसं तेव्हा फॅशनमध्ये होती. ती मिळवायची म्हणजे घरट्यावरचा पक्षी मारायचा आणि मागे पिल्लं उपाशी मरायची. या धंद्याविरुद्ध सगळ्यात चिवट लढा दिला तो बायकांनीच. १८९६ मध्ये बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी आपल्या ओळखीपाळखीच्या बायकांना चहाला बोलावून पिसांच्या टोप्या न वापरण्याची शपथ घ्यायला लावली. तिथून मॅसॅच्युसेट्सची ऑड्युबॉन सोसायटी उभी राहिली आणि पुढे १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा मोठा कायदा झाला.

त्या काळी अमेरिकेत नाताळच्या दिवशी एक खेळ चाले. दोन तुकड्या पाडायच्या, बंदुका घेऊन रानात जायचं, ज्यांची शिकार जास्त ते जिंकले. एव्हाना हा चॅपमन निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात कामाला लागला होता. हे संग्रहालय सेंट्रल पार्कच्या अगदी समोर, मध्ये फक्त रस्ता. त्याने सुचवलं की मारू नका, नुसते मोजा. १९०० सालच्या नाताळात २५ ठिकाणी २७ जणांनी पक्षी मोजले. त्यात सेंट्रल पार्कही होतं. ही मोजणी आजही दर वर्षी होते.

मला इथली गंमत फार आवडली. चॅपमनने खेळ बंद करा असं सांगितलं नाही. पहाटे उठणं, थंडीत भटकणं, कुणाचा आकडा मोठा ही चुरस, सगळं तसंच ठेवलं. फक्त बंदूक काढून घेतली. शिक्षक म्हणून सांगतो, पोरांना "हे करू नका" म्हणण्यापेक्षा हातात दुसरं काही देणं केव्हाही बरं.

आता नातीचं तळं. त्याचं नाव हार्लेम मीर. मीर म्हणजे डच भाषेत तळं. उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यातलं, अकरा एकरांच्या आसपास. शहराची तिजोरी १९७० च्या दशकात रिकामी झाली आणि उद्यानाचे हाल झाले. हे टोक तर हार्लेमच्या गरीब वस्तीला लागून, त्यामुळे त्याच्याकडे आणखीच दुर्लक्ष. तळं गाळाने भरलं. १९८० मध्ये उद्यान सांभाळायला नागरिकांची संस्था निघाली, कामं होत गेली, आणि १९९३ मध्ये या तळ्याकाठी निसर्गकेंद्र सुरू झालं. तिथे मुलांना बांबूची काठी आणि आमिषाला मक्याचे दाणे देऊ लागले. जी वस्ती तळ्याकडे पाठ फिरवून होती, तिची मुलं काठावर येऊन बसली.

नियम कडक आहेत. मासा सोडायचाच. गळाला उलटा काटा नको, म्हणजे तो जबड्यातून अलगद सुटतो. शिशाची वजनं चालत नाहीत, कारण पाणपक्षी ती खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. न्यूयॉर्क राज्याने २००४ पासून लहान शिशाच्या वजनांची विक्रीच बंद केली. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. गळ आणि दुर्बीण एकाच मुलीच्या हातात का दिली, हे मला तेव्हा कळलं. तिचं निम्मं काम तंगूस गोळा करण्याचं होतं!

एक प्रसंग तिने सांगितला. एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. कुठल्याशा बेटावर वाढलेले, मासेमारी रक्तातली. चांगला हातभर मासा लागला. त्यांनी तो घरी न्यायला मागितला. हिला नाही म्हणावं लागलं. "मग हा खेळच झाला की," ते म्हणाले. माझंच वाक्य! नियम रास्त होता. एवढ्याशा तळ्यात प्रत्येकाने एकेक नेला तर हंगामाअखेरीस काही उरणार नाही. पण ज्याच्या घरी मासा म्हणजे जेवण, त्याला हे सांगताना तिची जीभ अडखळली. गृहस्थ मात्र गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत तिथल्या पोरांना गळ बांधायची आपली गाठ शिकवत बसले.

याच उद्यानात २०२० च्या मे महिन्यात ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकाने एका बाईंना कुत्र्याला साखळी लावायला सांगितलं, तर त्यांनी पोलिसांना फोन करून एक कृष्णवर्णीय माणूस धमकावतो आहे असं कळवलं. त्याच्या हातात दुर्बीण होती. सेनेका व्हिलेजचा जुना प्रश्न दीडशे वर्षांनी पुन्हा वर आला. म्हणून वाटतं, तिथे उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला "या, ही काठी घ्या, ही दुर्बीण घ्या" म्हणणं हे काही किरकोळ काम नाही.

आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंड आहे. देवीचा डोह, तिथले मासे कुणी धरत नाही. लोक काठावर बसून त्यांना खायला घालतात आणि बघतात. आपल्याकडे देवीच्या धाकाने जे राखलं, ते तिकडे नियमाने आणि शिकवणीने राखायची खटपट चालली आहे. गळ लागलेल्या माशाला दुखत असेल, हे मात्र माझ्या मनातून जात नाही. नातीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "मलाही वाटतं आजोबा. पण ज्या मुलाने मासा हातात धरलाय, तो तळ्यात बाटली फेकत नाही." माझं पूर्ण समाधान झालं नाही, पण यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

तिने एक फोटो पाठवलाय. मीरच्या काठावर मान आखडून बसलेला रातबगळा. आपल्या नदीकाठी दिसतो तोच, जातसुद्धा तीच. तो मात्र पकडलेला मासा सोडत नाही.