कार्यशाळेपासून स्वयंपाकघरापर्यंत

मेंदूला जबर इजा झालेला मनुष्य रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा संकट टळले असे घरच्यांना वाटते. जखम भरलेली असते, चालणेही सुधारलेले असते. परंतु चहाचे आधण ठेवून साखरेचा डबा शोधताना तो गोंधळतो आणि आपण ओट्यापाशी कशासाठी आलो हेच विसरतो. रुग्णालयात जमलेली कृती घरी का जमू नये? मेंदूच्या पुनर्वसनाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळताना हाच प्रश्न आम्हांला वारंवार भेटला.

पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या जर्मन सैनिकांसाठी कुर्ट गोल्डश्टाइन या वैद्याने फ्रँकफुर्ट येथे संस्था उभारली. तेथे तपासणीच्या खोलीबरोबर कार्यशाळाही होती. सैनिक काय करू शकतो, हे प्रत्यक्ष कामातच कळते, अशी त्यांची धारणा होती.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, झासेत्स्की या तरुण रशियन सैनिकाच्या डोक्यात गोळी शिरली. त्याचे वाचन-लेखन पुसले गेले. एकेक अक्षर आठवून लिहिणे त्याला अशक्य होते. परंतु हात न उचलता शब्द सलग लिहून पाहण्यास सांगितल्यावर अक्षरे उमटू लागली. बुद्धी विसरली होती, तरी हाताची सवय शाबूत होती. पुढे पंचवीस वर्षे खपून त्याने सुमारे तीन हजार पृष्ठे लिहिली. त्याचे वैद्य अलेक्झांडर लूरिया यांनी ही कहाणी जगापुढे आणली.

यंत्रयुगाची वाट वेगळीच होती. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बसवायचे एक दर्शनयंत्र तयार केले. ते छताला टांगलेले असे. त्यातून खोली दिसे आणि तिच्यातच संगणकाने रेखाटलेल्या आकृतीही तरंगत. खऱ्या व काल्पनिक दृश्यांच्या या मिश्रणाला पॉल मिलग्रॅम व फुमिओ किशिनो यांनी १९९४ साली शास्त्रीय मांडणी दिली. त्यालाच आपण ‘संमिश्र वास्तव’ म्हणू. ‘आभासी वास्तवा’त भोवतालचे जग झाकले जाते, येथे ते दिसत राहते.

या दोन वाटा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे एकत्र आल्या. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या स्वतःच्या स्वयंपाकघराची प्रतिकृती प्रयोगशाळेत उभारली. हाताला लागणाऱ्या खऱ्या वस्तू आणि संगणकाची चित्रे यांच्या मेळातून त्याने न्याहारी करण्याचा सराव केला. रुग्णाला यंत्राची सवय लावण्यापेक्षा त्याचे घरच प्रयोगशाळेत आणावे, हा त्यामागील विचार होता. फ्रँकफुर्टच्या कार्यशाळेचेच हे नवे रूप, असे आम्हांला वाटते.

मात्र भाबडेपणा नको. पक्षाघाताच्या रुग्णांवरील आभासी वास्तवाच्या ७२ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांत २,४७० रुग्ण होते. हाताच्या हालचालींच्या बाबतीत हे यंत्र नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाही. नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिली, तेव्हा मात्र लाभ दिसला. कारण बहुधा हेच की रुग्णाचा एकूण सराव वाढला.

म्हणजे यंत्राची खरी देणगी सरावाची आहे आणि सरावाला माणूस लागतो. महागडे दर्शनयंत्र आपल्या कुटुंबांच्या आवाक्यात नसेल. परंतु ज्या स्वयंपाकघराची नक्कल करण्यासाठी शास्त्रज्ञांनी एवढा खटाटोप केला, ते अस्सल स्वयंपाकघर तर आपल्या घरातच आहे. वैद्यांच्या सल्ल्याने, साखरेचा डबा रोज एकाच जागी ठेवून, आजाऱ्याच्या हातातले काम काढून न घेता त्याच्या शेजारी उभे राहणे, एवढे तर आपल्याला साधेल. त्याला चहा करायला अर्धा तास लागला तरी तो त्यालाच करू द्यावा.