दोन वाटा, एकच नोंदणी: परिचारिकेच्या शिक्षणाचा इतिहास

बारावीचे निकाल लागले की आमच्यापर्यंत एक प्रश्न हमखास येतो: "मुलीला नर्स व्हायचंय. जीएनएम घ्यावं की बीएस्सी नर्सिंग?" प्रश्न प्रवेशाचा वाटतो, पण त्याचं निम्मं उत्तर इतिहासात आहे. तेव्हा आज आपण बघू, की या दोन वाटा मुळात पडल्या कशा.

पहिली वाट रुग्णालयातली. १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तोच नमुना पुढे आपल्याकडे आला. वॉर्डात काम करायचं, राहणं-जेवण आणि थोडं विद्यावेतन घ्यायचं, आणि काम करता करता शिकायचं.

ज्या बाईकडे फीला पैसे नव्हते, तिच्यासाठी हे दार फार मोलाचं होतं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन उभं केलं, आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, रक्त आणि मलमूत्राला हात लावायचा, हे तेव्हाच्या समाजाला हलकं वाटे. एका समारंभात केशवपन केलेली विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा जमलेल्या तरुणांनी तिची टवाळी केली आणि रमाबाईंनी त्यांना तिथल्या तिथे खडसावलं, असा प्रसंग सांगितला जातो. नर्सिंग शिकणं म्हणजे काय धाडस होतं, ते यावरून कळतं.

पण या वाटेत एक खोट होती. रुग्णालयाला विद्यार्थिनीपेक्षा कामाला हात हवे असत. ड्यूटी आधी, तास नंतर.

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यातला आकडा बघा: साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक! त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. ही दुसरी वाट. इथे मुलगी आधी विद्यार्थिनी, मग वॉर्डातली मदतनीस. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं नर्सिंग महाविद्यालय १९६४ मध्ये निघालं.

मग पहिली वाट बंद का झाली नाही? कारण गरज अफाट होती. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याने शिक्षणाचा दर्जा देशभर सारखा राखायची सोय केली, आणि दोन्ही वाटा चालू राहिल्या. पुढे त्यांना जोडणारा पूलही झाला: जीएनएम करून नोंदणी झालेली परिचारिका दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने बीएस्सी होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन्ही वाटांनी राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी होते ती 'रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ' अशीच. बीएस्सीला चार वर्षं आणि बारावी विज्ञान लागतं, जीएनएमला तीन वर्षं, आणि कला-वाणिज्यवाल्यांनाही दार उघडं. पुढे शिकवायचं असेल, एमएस्सी करायचं असेल, तर पदवी लागतेच.

मात्र एक लक्षात ठेवा. जीएनएमची जुनी पुण्याई होती 'कमवा आणि शिका'. आज अनेक खासगी संस्थांत विद्यार्थिनीच फी भरते. म्हणून कोणत्याही वाटेने जा, पण प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा: संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का? शिकायला खरोखर रुग्ण असलेलं रुग्णालय आहे का? आणि तिथे मुलीला शिकवतात, की नुसतं राबवतात?

तिसरा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. तो विचारायला लाजू नका.