सनद नसलेला वकील

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मी पुण्यातल्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. इंग्रजी कवितेत ती लोकप्रिय केली जॉन गॉडफ्रे सॅक्स या अमेरिकन वकिलाने. १८१६ साली व्हरमाँटमध्ये जन्मलेला हा माणूस १८४३ मध्ये वकील झाला. नाव मात्र झाले उपहासगर्भ कवितांमुळे. या कवितेला त्याने ‘हिंदू कथा’ म्हटले. वास्तविक ती पाली त्रिपिटकातील ‘उदान’मध्ये बुद्धाच्या मुखी आहे.

याच सॅक्सने १८५९ व १८६० साली, गुलामगिरीच्या प्रश्नाने देश पेटत असताना, तिच्याशी तडजोड करणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि दोन्ही वेळा तो हरला. प्रत्येक आंधळा थोडा थोडा खरा, असे पुढे सांगणाऱ्या या कवीने साखळदंडातल्या माणसाचे वकीलपत्र मात्र घेतले नाही.

अशा वेळी मला गंज पेठेतले जोतीराव फुले आठवतात. त्यांच्याकडे वकिलीची सनद नव्हती. पण १८६९ साली त्यांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पद्यमय पुस्तक लिहिले. जन्मापासून मरणापर्यंत भटजी कष्टकऱ्याच्या घरातून दक्षिणा कशी उकळतो, याचा एकेक पुरावाच त्यांनी त्यात मांडला. हा उपहास करमणुकीसाठी नव्हता. ज्यांना पोथी वाचू दिली जात नव्हती, त्यांची बाजू तो मांडत होता. आणि ती पद्यात होती, कारण पद्य निरक्षराच्याही तोंडी बसते. १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरताना जोतीरावांनी हीच बाजू लढवली.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. १८७३ साली जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. सॅक्सच्या देशातले कोणते लोक आपले, हे पुण्यातल्या एका माळ्याने अचूक ओळखले होते!

सॅक्स १८८७ मध्ये गेला, जोतीराव १८९० मध्ये. दोघांनीही उपहासाचे शस्त्र वापरले. एकाने वाचकाला हसवले, दुसऱ्याने जागे केले.

मित्रहो, आज आपणही लिहितो, व्यंग करतो, टाळ्या मिळवतो. लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारू या: आपण वकीलपत्र कोणाचे घेतले आहे?