कुंडल रोडची किर्लोस्करवाडी कशी झाली



कुंडलच्या पार्श्वनाथांच्या दर्शनाला तुमच्यापैकी बऱ्याच जणी गेल्या असतील. गावातलं कलिकुंड पार्श्वनाथांचं मंदिर आणि डोंगरावरचे झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ, अशी ही आपली सांगली जिल्ह्यातली यात्रा. रेल्वेने जायचं तर पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडीला उतरायचं. आपण उतरतो, रिक्षा ठरवतो आणि डोंगराकडे निघतो. स्टेशनाकडे मागे वळून कोणी बघत नाही. पण त्या स्टेशनाचा इतिहास मोठा आहे आणि तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत, कपाटातल्या मासिकांपर्यंत येऊन पोचलेला आहे.

या स्टेशनाचं मूळ नाव कुंडल रोड. जुन्या स्टेशनांच्या नावात 'रोड' असलं की समजायचं, गाव इथे नाही, इथून गावाकडे रस्ता जातो. सातारा रोड, बार्शी रोड ही नावं तशीच. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात धान्य वेळेवर पोचलं नाही म्हणून माणसं मेली. त्यानंतर या दुष्काळी मुलखात रेल्वे नेण्यासाठी १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. १८९० पर्यंत पुण्याहून मिरज-बेळगावकडे मीटर गेजची गाडी धावू लागली. कुंडल रोड हा त्या वाटेवरचा एक लहानसा थांबा. आजूबाजूला माळ, निवडुंग आणि साप.

कुंडल हे तेव्हा औंध संस्थानाचं गाव होतं. हे संस्थान सलग नव्हतंच. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. पण त्या तुकड्यांपैकी कुंडलच्या तुकड्याला रेल्वेचं स्टेशन होतं आणि तेच पुढे उपयोगी पडलं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात स्थिरावले होते. भावाबरोबर आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोक नांगर घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती होती. पहिले थोडेसे नांगर खपायला दोन वर्षं लागली. कुठे जम बसतोय, तेवढ्यात बेळगावात नवी वस्ती वसवण्यासाठी कारखान्याची जागा सोडा, अशी नोटीस आली. त्या वेळी औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम त्यांच्याकडे होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी अडचण ऐकली आणि संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितलं. लक्ष्मणरावांनी कुंडल रोडचा माळ निवडला. राजेसाहेबांनी ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. साल १९१०.

राजधानी सोडून निवडुंगाचा माळ का निवडला असेल? मी पडले कॉमर्सची, त्यामुळे मला याचं उत्तर ट्रेडिंग खात्यात दिसतं. आम्हाला शिकवलं होतं, कच्चा माल आणण्याचं भाडं 'कॅरेज इनवर्ड' म्हणून ट्रेडिंग खात्यात, आणि तयार माल पाठवण्याचं 'कॅरेज आउटवर्ड' नफा-तोटा खात्यात. बिडाचं लोखंड आणि कोळसा बाहेरून यायचा, नांगर बाहेर जायचे. सगळंच जड. बैलगाडीने वाहायचं म्हटलं तर दोन्ही भाड्यांतच धंदा बुडाला असता. कारखान्याच्या दाराशी स्टेशन असणं म्हणजे दोन्ही बाजूंचा खर्च वाचणं. तरी अडचण उरलीच होती. पुण्यापर्यंतची गाडी ब्रॉडगेज आणि पुढची मीटरगेज, म्हणून मुंबईहून आलेला माल पुण्याला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे.

लक्ष्मणरावांबरोबर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या माळावर आली. हा आकडा वाचला की मला त्या घरांतल्या बायका दिसतात. ना बाजार, ना दवाखाना, चुलीपाशी साप निघायची भीती. कारखान्याच्या इतिहासात त्यांची नावं सापडत नाहीत. पण त्यांनी तिथे चुली मांडल्या म्हणून ती वाडी झाली, नाहीतर नुसता कारखाना राहिला असता. वस्तीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी दरोड्यासाठी शिक्षा भोगलेली माणसं नेमली. लोक घाबरले असतील, पण त्या माणसांनी विश्वास राखला.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. आदिनाथ भगवंतांनी माणसाला सहा कर्मं शिकवली असं आपण पाठशाळेत पाठ केलेलं आहे : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प. असि म्हणजे शस्त्र, कृषि म्हणजे शेती. इथे भट्टीत असि घातली आणि कृषि बाहेर आली. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातले जैन बहुतेक शेतकरी. ज्यांच्या घरात तो नांगर आला असेल, त्यांना त्यातलं लोखंड पूर्वी काय होतं हे माहीत तरी असेल का?

याच स्टेशनावरून पुढे वेगळाच माल जाऊ लागला. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं. शिक्षण, लग्न, विधवांचे प्रश्न यांवर बायकांसाठी आणि बायकांनी लिहिलेलं मासिक मुंबई-पुण्याहून नव्हे, तर या माळावरच्या छापखान्यातून निघत होतं. आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या. शेजारणीकडून आणलेला 'स्त्री'चा अंक दुपारी सगळं आवरून, अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या. अंक कुठून येतो हे त्यांना ठाऊक होतं. 'वाडीचा अंक' असंच त्या म्हणायच्या.

याच मार्गावर, याच राजांच्या मदतीने आणखी एक वाडी वसली. कऱ्हाड स्टेशनाजवळची ओगलेवाडी. तिथे १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि 'प्रभाकर' कंदील घराघरांत गेला. आपल्यातल्या कित्येकींच्या आयांनी त्याची काच राखेने पुसली असेल.

पण हा इतिहास नुसता कारखान्याचा नाही. १९४३ पासून सातारा भागात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि कुंडल हे त्याचं मोठं केंद्र होतं. संस्थानी गाव असल्यामुळे ब्रिटिश पोलिसांना तिथे थेट हात घालणं अवघड जाई. ७ जून १९४३ रोजी कुंडलच्या जी. डी. बापू लाडांच्या नेतृत्वाखाली तुफान सेनेच्या तरुणांनी याच मार्गावर शेणोलीजवळ गाडी अडवून पगाराची रक्कम नेली. ती लूट नव्हती, आपल्याच लोकांचा पैसा परत आणला, असं त्यांतले लोक म्हातारपणीही ठासून सांगत. आपण अहिंसा मानणारी माणसं, त्यामुळे हे वाचताना मन थोडं थबकतं. पण रेल्वे तेव्हा कोणाची होती, तिचा नफा कुठे जात होता, हेही विसरून चालत नाही. त्याच रुळांवरून नांगर गेले, मासिकं गेली आणि त्याच रुळांवर लोकांनी सरकारला अडवलं.

पुढे किर्लोस्करांचे कारखाने हरिहर, बंगळूर, पुणे असे पसरले. मासिकंही पुण्याला गेली. वाडीत पंपांचं काम मोठं झालं. त्या काळात कृष्णाकाठच्या मळ्यांत पाणी चढलं ते पंपांनीच. १९७१ च्या सुमारास मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याच्या कितीतरी आधी स्टेशनावरची पाटी बदलली होती. कुंडल रोड जाऊन किर्लोस्करवाडी आलं.

जुन्या गावावर हा अन्याय झाला का? मला तसं वाटत नाही. पाटी गेली तरी कुंडलचे पार्श्वनाथ आहेत, क्रांतिकारकांचं गाव ही ओळख आहे. उलट मला वाटतं, गाव स्टेशनामुळे वसत नाही. याच रुळांवर कितीतरी थांबे असे आहेत की तिथे आजही गाडी थांबते, दोन माणसं उतरतात आणि गाडी निघून जाते. स्टेशन फक्त उतरायची सोय देतं. उतरून तिथेच राहायचं कोणीतरी ठरवावं लागतं, आणि अशा माणसावर आधी कोणीतरी विश्वास टाकावा लागतो. ३२ एकर आणि १०,००० रुपये हिशेबात मांडता येतात. पुरात सापडल्यासारखी नोटीस हातात असलेल्या माणसाला "जागा निवड" असं म्हणणं मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही.

आता आपली मुलं पुण्याला जातात, तिथून परदेशी. लहान स्टेशनं त्यांना खिडकीतूनच माहीत. म्हणून सांगते, कुंडलला जाल तेव्हा नातवंडांना बरोबर न्या. दर्शन तर घ्याच, पण परतीच्या गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनावर या आणि पाटी वाचून दाखवताना आधीचं नावही सांगा. तोफांच्या नांगरांची गोष्ट मुलांना फार आवडते, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या घरात जुना 'स्त्री'चा अंक, प्रभाकर कंदील किंवा आजोबांचा लोखंडी नांगर अजून असेल तर मला जरूर लिहा.

जय जिनेंद्र!