सेलूची वाहतूक: रेल्वे स्थानकापासून इंटरचेंजपर्यंत

1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखातून मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला, लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा परभणी जिल्ह्यातील सेलू परिसराच्या वाहतुकीची दिशाच बदलली. पावसाळ्यात काळ्या मातीत आसापर्यंत रुतणाऱ्या बैलगाड्यांना स्थानक हेच गाठायचे ठिकाण झाले आणि कापसाच्या व्यापाराला दूरच्या बाजारपेठा जवळ आल्या. 1990 च्या दशकात सेलू परिसरात हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे अधिक रुंद रुळांचा, झाला.

समृद्धी महामार्गाला जोडणारा, सुमारे 180 किलोमीटरचा जालना–नांदेड द्रुतगती मार्ग सेलू तालुक्यातून आखला गेल्याने वाहतुकीने गाठायचे ठिकाण कोणते, हा प्रश्न आता नव्या रूपात उभा राहतो. अशा मार्गावर कोठूनही चढता येत नाही. प्रवेश केवळ इंटरचेंजवर, म्हणजे दोन रस्ते वेगवेगळ्या पातळ्यांवरून ओलांडून वळणदार जोडरस्त्यांनी एकमेकांना मिळतात तेथेच असतो. समृद्धीवर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. तोच नियम येथेही लागू झाल्यास ती वाहतूक तालुक्याच्या जुन्याच रस्त्यावर राहील आणि इंटरचेंजवरून उतरणारे अवजड ट्रकही त्याच रस्त्यावर येतील. म्हणून इंटरचेंजच्या आराखड्याइतकाच त्याला मिळणाऱ्या तालुक्याच्या रस्त्याच्या रुंदीचा विचार आधीच होणे अत्यंत निकडीचे आहे.