उरण उपनगरी लोहमार्ग व तारघर स्थानक

उरण उपनगरी लोहमार्ग : महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावरील विद्युत् लोहमार्ग. ठाणे जिल्ह्यातील नेरूळ व बेलापूर या स्थानकांपासून निघणारे त्याचे दोन फाटे एकत्र येतात आणि पनवेल खाडी ओलांडून दक्षिणेस उरणपर्यंत जातात. लांबी सु. २७ किमी. मध्य रेल्वेतर्फे चालविला जाणारा हा मार्ग २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत व २०२४ मध्ये उरणपर्यंत खुला झाला. मार्गावरील तारघर व गव्हाण या स्थानकांवर मात्र त्यानंतरही गाड्या थांबत नव्हत्या. तारघर स्थानकाचा न वापरलेला काळ सात वर्षांचा भरतो. या किनाऱ्यावर लोहमार्ग कोणासाठी आले व उतारूंच्या वाट्याला काय आले, हे या स्थानकाच्या इतिहासावरून चांगले समजते.

भारतातील पहिली उतारू आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ सांप्रत रायगड जिल्ह्यात असलेल्या खोपोलीपर्यंत आले. परंतु ही वाट बोरघाटाच्या पायथ्याकडे व पुढे दख्खनकडे नेणारी होती. उरण, पेण, अलिबाग या किनारपट्टीला तिचा उपयोग नव्हता. तेथील दळणवळण मचवे, पडाव आणि पुढे आगबोटी यांवर चाले. उरण हे तर मुंबई बंदराच्या समोरच वसलेले आहे. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्यापर्यंतचा जलमार्ग खाड्यांना वळसा घालून जाणाऱ्या खुष्कीच्या मार्गाहून कितीतरी जवळचा. तथापि मोरा येथे गाळ साचत असल्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागत नाही आणि उतारूंना भरतीची वाट पाहावी लागते. नोकरीवर वेळेवर हजर राहणे हे अशा रीतीने चंद्रकलेवर अवलंबून राहिले.

पुढे रूळ आले ते प्रामुख्याने मालासाठी. १९६० नंतरच्या दशकात दिवा–पनवेल–आपटा हा मार्ग झाला; आपट्याहून पेणमार्गे रोह्यापर्यंत तो १९८६ मध्ये पोहोचला व तेथून पुढे कोकण रेल्वे निघाली (पूर्ण मार्ग १९९८). पनवेलहून जासईकडे जाणारा फाटा जवाहरलाल नेहरू बंदर (१९८९) सुरू झाल्यावर पेटाऱ्यांच्या वाहतुकीने गजबजला. पेणहून अलिबागजवळच्या थळपर्यंतचा फाटा तेथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्यासाठी घातला गेला. अलिबाग शहराच्या वेशीपर्यंत रूळ गेले, पण ते खतासाठी. त्यावरून उतारू गाडी सोडावी, ही अलिबागकरांची मागणी जुनी आहे. तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प, वायूवर चालणारे वीजकेंद्र आणि बंदर यांमुळे उरण तालुक्यात कामगारांची ये-जा वाढली; ती राज्य परिवहनाच्या गाड्या, लाँच व खाजगी वाहने यांनी भागविली. मालमोटारींच्या रांगांतून जाणारा उरण–पनवेल रस्ता त्या काळात अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला.

उपनगरी गाडीची कल्पना नवी मुंबईच्या योजनेतून आली. १९७० मध्ये शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी व इतर समाजांचा उदरनिर्वाह त्यामुळे बदलला. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने ५ जण मृत्युमुखी पडले. लोहमार्गाच्या इतिहासात ही घटना अप्रस्तुत नाही. कारण आजची स्थानके ज्या भूमीवर उभी आहेत, ती याच भूमीचा भाग होय.

नव्या शहरातील लोहमार्गांचा खर्च सिडकोने ६७ टक्के व रेल्वेने ३३ टक्के सोसावा, अशी वाटणी ठरली. अशी वाटणी देशात विरळाच. जिचा पैसा अधिक, ती संस्था जमिनीची मालक व विक्रेती असल्यामुळे स्थानकाचे स्थान आजच्या उतारूंवरून न ठरता उद्याच्या वस्तीवरून ठरू लागले. मानखुर्दहून वाशीपर्यंत १९९२ मध्ये, बेलापूरपर्यंत १९९३ मध्ये व पनवेलपर्यंत १९९८ मध्ये गाड्या सुरू झाल्या. मानसरोवर, खांदेश्वर यांसारखी प्रशस्त स्थानके आरंभी मोकळ्या माळावर उभी होती. वस्ती त्यांच्याभोवती मागाहून आली. स्थानक आधी, शहर नंतर, हा क्रम तेथे फलद्रूप झाला खरा. मात्र त्या स्थानकांवर गाड्या पहिल्यापासून थांबत होत्या, हे विसरता येत नाही.

उरण मार्गास मंजुरी मिळाली ती १९९७ च्या सुमारास. भूसंपादन, वनखात्याची अनुमती व खारफुटीचे संरक्षण या कारणांनी काम अनेक वर्षे रखडले आणि मूळ खर्चाचा अंदाज कित्येक पटींनी वाढला. अखेर ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पहिल्या टप्प्याचे उद्‌घाटन झाले आणि बामणडोंगरी व खारकोपर ही स्थानके उतारूंस खुली झाली. ही दोन्ही स्थानके उलवे या नव्या वसाहतीला लागून आहेत. तेथे घरे आधी झाली होती व रहिवासी गाडीची वाट पाहत होते.

तारघरची गोष्ट निराळी. खाडी ओलांडल्यावर लागणारे हे पहिले स्थानक नियोजित विमानतळाच्या शेजारी असल्यामुळे त्याचा आराखडा इतर स्थानकांहून मोठा आखला गेला. विमानतळ मात्र अनेकदा लांबणीवर पडला. त्याची कोनशिला फेब्रुवारी २०१८ मध्ये बसली. ज्या गावावरून स्थानकाला नाव मिळाले, ते तारघर आणि शेजारची उलवे, गणेशपुरी, कोंबडभुजे इ. गावे विमानतळासाठी उठविण्यात आली. ग्रामस्थांना अन्यत्र भूखंड देण्यात आले. त्यामुळे २०१८ मध्ये गाडी तारघरला आली, तेव्हा जुने उतारू निघून गेले होते आणि नवे यायचे होते. फलाटांवरून गाड्या न थांबता जात राहिल्या. गावाचे नाव स्थानकाला राहिले, पण तेथे उतरून गावात जाण्याची सोय उरली नाही.

खारकोपर ते उरण हा १४.३ किमी. चा दुसरा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते खुला झाला. गव्हाण स्थानक याही वेळी वगळले गेले. ठाणे–वाशी मार्गावर बांधून तयार असूनही काही महिने बंद राहिलेल्या दिघा गाव स्थानकाचे उद्‌घाटन त्याच दिवशी झाले. शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतूही (अटल सेतू, लांबी सु. २१.८ किमी.) त्याच दिवशी खुला झाला. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना थेट मुंबई बेट जवळ आले. गाडीने जाणाऱ्यास मात्र नेरूळ किंवा बेलापूर येथे उतरून दुसरी गाडी पकडणे भाग पडले.

उतारूंची संख्या केवळ लोकवस्तीवरून ठरत नाही, हे या मार्गावर विशेष जाणवले. प्रारंभी दोन्ही दिशांच्या मिळून दररोज सु. ४० फेऱ्या होत्या. म्हणजे उरणहून साधारणतः तासाला एक गाडी, तीही कधी नेरूळची तर कधी बेलापूरची. मुंबईच्या जुन्या उपनगरांत उतारू वेळापत्रक न पाहता स्थानकावर जातो, कारण पुढची गाडी काही मिनिटांत येते. तासाची गाडी चुकली तर दिवसाचे गणित चुकते. अशा उतारूस बस अथवा सहाआसनी रिक्षा अधिक भरवशाची वाटते. गाड्या कमी म्हणून उतारू कमी आणि उतारू कमी म्हणून गाड्या वाढत नाहीत, असे हे चक्र आहे. मुंबईची उपनगरी व्यवस्था अन्यत्र अतिगर्दीने ग्रस्त असल्यामुळे येथील रिकाम्या डब्यांकडे फारसे लक्ष गेले नाही.

नावांवरूनही असंतोष होता. दुसऱ्या टप्प्यातील काही स्थानके द्रोणागिरी, न्हावा शेवा अशा नावांनी उघडली. ती ज्या गावांच्या हद्दीत आहेत, त्या बोकडवीरा, नवघर, धुतूम इ. गावांच्या रहिवाशांनी आपापल्या गावांची नावे देण्याची मागणी केली. जमिनी गेल्यावर निदान पाटीवर तरी गाव राहावे, ही त्यामागील भावना होती.

नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. त्याच महिन्यात तारघर व गव्हाण येथे गाड्यांना थांबा मिळाला आणि उरण मार्गावरील दैनिक फेऱ्या १० ने वाढून सु. ५० झाल्या. उलवे व गव्हाण परिसरातील रहिवासी या थांब्यांची मागणी विमानतळाच्या कितीतरी आधीपासून करीत होते. थांबे मिळाले ते विमानतळाच्या मुहूर्तावर.