वाघिणीच्या पोटातली मोटार

नाशिकरोडच्या फलाटासमोरून कधी एखादी चमत्कारिक गाडी जाते. सांगाडा प्रवासी डब्यांचा, पण खिडक्यांवर पत्रा मारलेला, दारं कायमची बंद. नवखा म्हणतो, पार्सलगाडी असेल. रेल्वेची माणसं म्हणतात, एनएमजी. आतले प्रवासी म्हणजे नव्या कोऱ्या मोटारी.

एनएमजी म्हणजे ‘न्यू मॉडिफाइड गुड्स’. यातलं ‘न्यू’ फारसं मनावर घेऊ नये. 20-25 वर्षं माणसं वाहून दमलेला डबा कारखान्यात जातो. बाकं, पंखे, संडास उपटले जातात आणि दोन्ही टोकांना मोटार जाईल एवढी रुंद दारं बसतात. दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी पाटी टाकली की अख्खी गाडी म्हणजे एक लांबलचक बोळ. एका टोकाच्या उतारावरून मोटार चढवायची ती थेट दुसऱ्या टोकाच्या डब्यापर्यंत चालवत न्यायची.

हा खटाटोप का? मालगाडीला वजनाची सवय. कोळशाची वाघीण (‘वॅगन’चं मराठी जिभेनं केलेलं हे रूप मला फार आवडतं) साठेक टन पोटात घेते. लहान मोटार भरते जेमतेम टनभर. डब्यात चार-पाच कोंबल्या तरी वाघीण उपाशीच. बाकी सगळी हवा, आणि हवेचं भाडं कोण देणार?

हवेशी हे भांडण अमेरिकेत आधीच झालं होतं. 1930 च्या दशकात डेट्रॉइटच्या इव्हान्स कंपनीच्या चौकटी बंद डब्यात मोटारी तिरप्या उचलून धरत. 1960 च्या सुमारास तीनमजली उघड्या वाघिणी आल्या. वाटेत दगड बसू लागले तेव्हा त्यांना पत्र्याच्या भिंती मिळाल्या. सगळ्यांत अचाट ‘व्हर्ट-ए-पॅक’. 1970 च्या दशकात जनरल मोटर्स आणि सदर्न पॅसिफिक रेल्वेनं शेव्हरोले व्हेगा चक्क नाक खाली करून उभ्या टांगल्या. जिथे 18 मावत, तिथे 30. तेल सांडू नये म्हणून इंजिनात आडोसा, बॅटरीची बुचं मागच्या कडेला, काच धुण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा तिरपी! वाघिणीसाठी मोटारच बदलली. 1977 मध्ये व्हेगा बंद झाली आणि तिच्या अंगावर बेतलेला तो अंगरखाही वाया गेला.

आपल्याकडे 2013 मध्ये मारुतीला मोटारी वाहणाऱ्या स्वतःच्या मालगाड्या चालवायचा परवाना मिळाला आणि दुमजली वाघिणी रुळांवर दिसू लागल्या. एनएमजीच्या पूर्ण गाडीत सव्वाशेच्या आसपास मोटारी जात, आता तीनशेच्या वर. पण गिऱ्हाइकाला उंच एसयूव्हीचं वेड लागलं, छताशी टप आपटू लागले, आणि दोन्ही मजल्यांवर उंच मोटार मावेल अशी वाघीण पुन्हा नव्यानं आखावी लागली.